मोबाइलमधल्या शेतात भाव पडत नाही

भोकरच्या मोंढ्यात आज सोयाबीनला काय भाव निघाला? सांगता येईल? पण ‘हे डे’मधला गहू काढायला कधी येईल, ते आपल्यातल्या कितीतरी जणांना पाठ आहे. शेतकऱ्याच्याच पोरांना खोट्या शेतीत एवढं काय मिळतं?

हे वेड जुनंच. २००९ मध्ये आलेल्या ‘फार्मव्हिल’ने फेसबुकवर लाखोंना शेतकरी केलं. एरिक बॅरोन या अमेरिकन तरुणाने साडेचार वर्षं एकट्याने खपून बनवलेली ‘स्टारड्यू व्हॅली’ २०१६ मध्ये आली. त्यात तुम्ही कंपनीची नोकरी सोडून आजोबांच्या शेतावर येता. पहिलं बियाणं फुकट मिळतं. उद्याचं हवामान टीव्ही सांगतो आणि तसंच होतं. पाऊस आला की पाणी द्यायचं काम वाचतं. माल पेटीत टाकला की सकाळी ठरलेले पैसे जमा! आडत नाही, उधारी नाही.

आता घरचं बघा. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात हाताशी आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं. त्या हंगामाचा हमीभाव होता क्विंटलला ५,३२८ रुपये. बाजारात अनेकांना तेवढाही मिळाला नाही.

गेममध्ये डोकं शांत होतं ते म्हणूनच. केलेल्या कष्टाचं मोल तिथे बुडत नाही.

तेव्हा खेळा बिनधास्त, लाजायचं काही कारण नाही. फक्त आज रात्री मोबाइल बाजूला ठेवल्यावर बाबांना एवढंच विचारा, ‘‘यंदा खर्च तरी निघाला का?’’