वाळूवर बळाचें काम नाहीं

अमेरिकेंतील विजेच्या पिकअप मोटारींचें वेड आमच्या विद्यार्थ्यांस फार आहे. मधल्या सुटींत कान दिला असतां अमुक मोटारीची अश्वशक्ति किती, तमुक मोटार किती सेकंदांत वेग धरते, याचीच चर्चा ऐकूं येते. समुद्रकांठच्या वाळूवरून ती धुरळा उडवीत धांवत असल्याचें चित्र पाहिलें म्हणजे तर मुलांचे डोळे दिपून जातात. अशा चित्रांवरून मुलें जो धडा घेतात तो मात्र नेमका उलटा आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. मऊ वाळूवर बळाचें काम नाहीं. तेथें काम आहे तें भार वांटून देण्याचें.

प्रथम या मोटारींचें वजन पाहूं. २०२१ सालीं ग्राहकांच्या हातीं आलेली रिव्हियन आर१टी ही पिकअप सुमारें ३,२०० किलोग्रॅम भरते. त्याच वर्षीं निघालेली हमर ईव्ही ४,००० किलोग्रॅमांहूनहि जड असून, तिच्या नुसत्या बॅटरीचेंच वजन एखाद्या लहान मोटारीएवढें आहे. सडकेवर हें ओझें जाणवत नाहीं. बॅटरी तळाशीं असल्यामुळें मोटार उलट अधिकच स्थिर राहते. शिवाय विजेचें यंत्र पहिल्या क्षणापासूनच आपला पुरा जोर चाकांस देतें. परंतु सडकेवर जो गुण तोच वाळूंत दोष ठरूं शकतो. कोरड्या वाळूचे कण एकमेकांस धरून नसतात. चाक गरकन् फिरलें कीं तें पुढें न सरकतां खालची वाळू मागें फेंकतें आणि स्वतःसाठीं खड्डा खणतें. चालक घाबरून जोर वाढवितो, खड्डा अधिक खोल होतो, आणि अखेर मोटारीचें पोट वाळूवर टेकतें. मग अश्वशक्ति हजार असली तरी ती कोणत्या कामाची?

यावर उपाय अगदीं साधा आहे. तो म्हणजे टायरांतील हवा कमी करणें. विद्यार्थ्यांनीं पुढील गणित स्वतः करून पाहावें. आर१टीच्या टायरांत सडकेसाठीं दर चौरस इंचास ४८ पौंड दाबाची हवा भरतात. हा दाब दर चौरस सेंटिमीटरास सुमारें ३.४ किलोग्रॅम होतो. मोटारीचें वजन चार चाकांवर सारखें वांटलें तर प्रत्येक चाकावर ८०० किलोग्रॅम येतात. टायराचा ताठरपणा हिशेबांत न धरल्यास एक चाक सुमारें २३५ चौरस सेंटिमीटर जागेवर टेकतें. आतां हवा २० पौंडांवर आणली कीं दाब १.४ किलोग्रॅम होतो, व टेकण्याची जागा सुमारें ५७० चौरस सेंटिमीटर होते. वजन तेंच, यंत्र तेंच. पण पाऊल दुपटीहून मोठें झालें! उंटाच्या पसरट तळव्याचें रहस्यहि हेंच होय. अर्थात् सडकेवर परततांच हवा पुन्हा भरली पाहिजे. आणि वाळूंत वीज अधिक खर्च होत असल्यामुळें परतीपुरती वीज आधींच राखून ठेविली पाहिजे.

हें ज्ञान कांहीं नवें नाहीं. राल्फ बॅगनोल्ड या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानें १९२९ व १९३० सालीं इजिप्तच्या पश्चिमेकडील वाळवंटांत फोर्ड मोटारी नेल्या. त्यांचीं केवळ मागचीं चाकें इंजिनानें फिरत, आणि आजच्या मानानें त्यांचें बळ अगदींच नगण्य होतें. तरीहि अनावश्यक भार उतरवून, टायरांतील हवा कमी करून, व रुतलेल्या चाकांखालीं पन्हळाच्या आकाराच्या पोलादी पट्ट्या घालून त्यानें दुस्तर मानलेल्या वाळूच्या टेंकड्या ओलांडल्या. १९४१ सालीं वाळूच्या हालचालींविषयींचा त्याचा शास्त्रीय ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यानें वाळूशीं झुंज दिली नाहीं. तिचा अभ्यास केला.

येथें कोणी म्हणेल, "विजेची मोटार धूर सोडीत नाहीं, गोंगाट करीत नाहीं, मग ती किनाऱ्यास काय अपाय करणार?" हा आक्षेप वरवर रास्त दिसतो. परंतु धूर हाच एक अपाय नव्हे. समुद्रकांसवें वाळूंत अंडीं घालतात. त्यांवरून तीन टनांचें ओझें गेलें तर तें धुराचें कीं विजेचें, हा भेद उरत नाहीं. अंड्यांतून निघालेलीं पिलें चाकोऱ्यांत अडकलीं तर त्यांस समुद्र गांठणें कठीण होतें. म्हणूनच उत्तर कॅरोलिना राज्यांतील केप हॅटरस राष्ट्रीय किनाऱ्यावर २०१२ सालापासून परवान्यावांचून मोटार नेतां येत नाहीं. मोटारींत फावडें, जॅक, जॅकखालीं ठेवावयाची फळी आणि टायरांतील हवा मोजण्याचें साधन असावेंच लागतें. वेगाची मर्यादा ताशी १५ मैल. आणि कांसवांच्या विणीच्या हंगामांत रात्रीं मोटारींस बंदी असते. ज्या देशांत या मोटारी निर्माण होतात, त्याच देशांत त्यांस एवढा लगाम आहे, हें आमच्या मुलांनीं लक्षांत घ्यावें.

आपल्या कोंकणांतहि, रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळाससारख्या गांवीं, ऑलिव्ह रिडले जातीचीं कांसवें अंडीं घालावयास येतात. असें असतां समुद्र पाहावयास गेलेलीं कित्येक कुटुंबें मोटार थेट वाळूंत घालतात. ती रुतते, भरतीचें पाणी चढूं लागतें, आणि गांवकऱ्यांस हातचें काम टाकून ओढावयास धांवावें लागतें. अशा वेळीं मागच्या बाकावर बसलेलें मूल काय शिकत असेल, याचा पालकांनीं विचार करावा. मोटार सडकेवर उभी करून पन्नास पावलें चालत गेल्यानें सहलीचा आनंद तिळमात्र कमी होत नाहीं.

आणि विद्यार्थिमित्रांनो, यापुढें कोणी एखाद्या मोटारीची थोरवी गाऊं लागला, तर तिची अश्वशक्ति विचारण्यापूर्वीं तिचें वजन किती, तिच्या टायरांत हवा किती, आणि ती ज्या वाळूवर चालली आहे तेथें आधींपासून कोण राहतें, हे तीन प्रश्न अवश्य विचारा.