‘बाहेरचा’ म्हणजे नेमका कोण?

फुटबॉलच्या गप्पा निघाल्या की अकोल्यापासून अमरावतीपर्यंत एक वाक्य हमखास कानावर येतं: “आफ्रिकेचे प्लेयर आणले, अन् आपल्या पोट्ट्यांचा चान्स गेला.” बोलणारा पुष्कळदा आपल्याच मोहल्ल्यातला असतो. मी उर्दू शाळेत पीटी शिकवतो, रविवारी सामन्यांत शिटी वाजवतो, त्यामुळे हे वाक्य इतरांपेक्षा जास्त ऐकतो. ते खोटं आहे. आणि खरं असतं तरी आपल्या तोंडी शोभलं नसतं.

आधी खोटेपणाचं पाहू. घानाचा युसिफ याकुबू आता निवृत्त आहे, पण जुन्या प्रेक्षकांना तो चांगला आठवत असेल. गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडून खेळताना २००१-०२ आणि २००२-०३ या लागोपाठ दोन हंगामांत राष्ट्रीय फुटबॉल लीगमधले सर्वाधिक गोल या स्ट्रायकरने केले. पुढे तो मुंबईच्या महिंद्रा युनायटेडमध्ये आला. २००५-०६ मध्ये महिंद्राने ही लीग जिंकली. लीग १९९६ मध्ये सुरू झाली होती, आणि ती जिंकणारा महाराष्ट्राचा हा पहिला संघ. त्या संघात याकुबू होता. नंतर ईस्ट बंगाल, साळगावकर, मुंबई एफसी. या माणसाने आपल्या कारकिर्दीची भर वर्षं आपल्या देशाच्या मैदानांवर खर्च केली.

आता सांगा, त्याने कोणाचा चान्स घेतला? अकरा जणांत त्याची जागा एक. २०१० मध्ये मालक कंपनीने महिंद्रा युनायटेड बंद केला, तेव्हा अकराच्या अकरा जागा गेल्या, राखीव खेळाडूंच्या गेल्या, त्या क्लबकडे डोळे लावून बसलेल्या पोरांच्याही गेल्या. मुंबई एफसीही आज उरलेला नाही. क्लब मोडणारे हात घानाचे नव्हते. पण कंपनीच्या कचेरीला शिवी देता येत नाही, मैदानावर दिसणाऱ्या काळ्या माणसाला देता येते. आपला राग सोयीची जागा शोधतो, एवढाच याचा अर्थ.

या तक्रारीत एक मुद्दा खरा आहे, तो मी नाकारत नाही. त्या काळात वर्षामागून वर्ष लीगमधले सर्वाधिक गोल परदेशी खेळाडूंचेच असत. पण सुनील छेत्री २००२ मध्ये मोहन बागानमध्ये आला, तेव्हा तिथे ब्राझीलचा बरेटो आधीपासून होता. मोठ्या खेळाडूशेजारी सराव करून पोरगं बुजत नाही, शिकतं. अट एकच, त्याला तिथवर पोचता आलं पाहिजे.

आणि आपली पोरं पोचत का नाहीत, ते वऱ्हाडातच दिसतं. पूर्ण मापाचं फुटबॉल मैदान १०५ मीटर लांब, ६८ मीटर रुंद. म्हणजे साधारण पावणेदोन एकर जागा. आपल्या दाट वस्त्यांत पावणेदोन गुंठे मोकळे सापडत नाहीत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला मैदान हवं असं लिहिलेलं आहे. तुमच्या मुलाच्या शाळेला ते आहे का, हे शेवटचं कधी विचारलंत? अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने शंभर वर्षांहून जास्त काळ दाखवून दिलं आहे की वऱ्हाडाच्या मातीत खेळ रुजतो. तिथला चमू १९३६ मध्ये बर्लिनला जाऊन आला. माती तीच आहे. आपल्या मोहल्ल्यांत कमी आहे ती जागेची, प्रशिक्षकाची आणि बुटांच्या पैशांची.

आता शोभण्याचं. “बाहेरून आले, आमच्या जागा घेतल्या.” हे वाक्य ओळखीचं वाटतं ना? आपल्याबद्दल हेच बोललं जातं. नोकरीत, कॉलेजच्या यादीत, भाड्याच्या घरात. मला एका शहरात खोली पसंत पडली होती, भाडं ठरलं होतं. नाव सांगितलं आणि घरमालकाला अचानक पाहुणे येणार असल्याचं आठवलं. तुमच्यातल्या बहुतेकांकडे असा एक किस्सा असेल. ज्याने हे सोसलं, त्यानेच तेच वाक्य दुसऱ्याच्या अंगावर फेकावं?

फेकलं जातं. मार्च २०२४ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात, अरीकोडजवळ, आयव्हरी कोस्टच्या एका फुटबॉलपटूला प्रेक्षकांनी वंशावरून शिव्या दिल्या, पाठलाग करून मारलं. त्याने पोलिसांत तक्रार केली. मलप्पुरम हा मुस्लिम बहुसंख्य जिल्हा. मारणाऱ्यांचा धर्म मला ठाऊक नाही, विचारायचाही नाही. पण “आपल्याकडे रंगभेद नसतो” असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने त्या जिल्ह्याचं नाव लक्षात ठेवावं. वऱ्हाडात आपण वेगळे आहोत का? “काल्या”, “हबशी” अशा हाका मी शिटी तोंडात असताना ऐकल्या आहेत, आणि त्या मारणारे ओळखीचे चेहरे होते.

हजरत बिलालचं नाव आपण मुलांना ठेवतो. मलिक अंबर हबशी होता, गुलाम म्हणून विकला गेलेला. त्याने निजामशाही सावरली, खडकी वसवली, नहरीने पाणी आणलं. जलशात त्याचं नाव अभिमानाने घेतो आणि मैदानात तोच ‘हबशी’ शब्द शिवी करतो. यापैकी आपलं खरं कोणतं, ते एकदा ठरवून टाका.

काही जण म्हणतील, याकुबूचं नाव युसिफ, म्हणजे तो आपला, त्याची गोष्ट वेगळी. ही सवलतही मला नको. नाव पाहून माणूस जवळचा ठरवायचा, तर नाव पाहून खोली नाकारणाऱ्याला आपण कोणत्या तोंडाने जाब विचारणार?

म्हणून माझं मागणं साधं आहे. मोहल्ल्यात स्पर्धा भरवणाऱ्यांनी नियमपत्रकात एक ओळ घालावी: रंग, जात, धर्म यावरून शिवी आली तर सामना थांबेल, आणि शिवी ज्या बाजूच्या प्रेक्षकांतून आली त्या संघाला ताकीद मिळेल, दुसऱ्यांदा आली तर तो संघ बाद. रेफरी ही ओळ पाळतील, माझा शब्द आहे. आणि ज्यांना पोट्ट्यांच्या चान्सची खरंच काळजी आहे, त्यांनी शाळा समितीच्या पुढच्या बैठकीत उभं राहून मैदानाचा हिशेब मागावा. लेखी मागावा, आणि उत्तर मिळेपर्यंत मागत राहावा.