‘क्ष’ म्हणजे बहिणीचा वाटा

अल्-ख्वारिज्मी आपला, बीजगणित आपलं, असे मेसेज आपण हौसेनं फॉरवर्ड करतो. वही मात्र कोरी! इ. स. ८२०च्या सुमारास बगदादमध्ये लिहिलेल्या त्याच्या पुस्तकाचा जवळपास निम्मा भाग वारसाहक्काच्या उदाहरणांचा आहे. चिन्हं नव्हतीच, प्रत्येक पायरी शब्दांत.

तसंच एक सोडवू. एक माणूस वारला. देणी फेडून ८ लाख उरले. मागे पत्नी, दोन मुलगे, तीन मुली. शरियतप्रमाणे पत्नीचा आठवा हिस्सा, म्हणजे १ लाख. उरले ७. मुलीचा वाटा क्ष धरा, मुलाचा २क्ष. मुलग्यांचे ४क्ष, मुलींचे ३क्ष. ७क्ष = ७ लाख; क्ष = १ लाख. ताळा: १ + ४ + ३ = ८.

वाटे समान हवेत, असं माझं मत. तो वाद वेगळा. पण हा एक लाखसुद्धा ‘बहिणीनं सोडला’ म्हणत तोंडी हिशेबात गायब होतो. मधल्या पायऱ्या कुणी लिहीतच नाही ना! म्हणून दहावीतल्या बहिणीला उत्तर सांगू नका. ‘क्ष कशाला धरलंस?’ एवढंच विचारा. आणि ती वही घरातल्या मोठ्यांसमोर उघडू द्या.