कॉलेजच्या संघात जायचे तर

कापणी झालेल्या मळ्यात फुटबॉल खेळणारा पिंगुळीचा पोर हेरायला कुठल्या कॉलेजचा माणूस येणार? आपणच जायचे.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले, तेव्हा अंगकाठी पाहून क्रीडाशिक्षकांनी त्यांना कुस्तीला नाकारले. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले, परवानगी मिळवली आणि कुस्त्या मारल्या. १९५२ साली हेलसिंकीला ऑलिंपिकचे कांस्यपदक! त्या प्रवासासाठी खर्डेकर प्राचार्यांनी घर गहाण ठेवले होते. (असे गुरुजी मात्र मागून मिळत नाहीत.)

तेव्हा तालुका-जिल्हा शालेय स्पर्धांची प्रमाणपत्रे जपा, पावसाळ्यात कौले गळतात तिथून लांब. खेळाडूंच्या जागेसाठी कोणत्या पातळीचे प्रमाणपत्र चालते, ते अकरावीचा अर्ज भरण्याआधी विचारा. आणि मुलालाच क्रीडाशिक्षकांपुढे उभे करा, मुलीलाही.