छप्पर कधी बदलावे? हवामानाचे उत्तर प्रदेशागणिक वेगळे

मोसमी पावसाचा पहिला अंदाज भारतीय हवामान विभाग दरवर्षी एप्रिलमध्ये जाहीर करतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत देशात सरासरी ८७ सेंटिमीटर पाऊस पडतो, आणि अंदाज सांगितला जातो तो या सरासरीच्या टक्केवारीत. धरणे, पेरण्या, महागाई यांचे गणित त्यावरून मांडता येते. मात्र ज्याच्या माथ्यावर हा पाऊस प्रत्यक्ष कोसळणार असतो, त्या घरमालकाच्या प्रश्नाचे उत्तर त्यात नसते. त्याचा प्रश्न साधा असतो: छप्पर आणखी एक पावसाळा तग धरेल, की ते आताच उतरवावे?

पावसाळ्याच्या बातम्यांत एक वाक्य नेमाने येते. अमुक जिल्ह्यात इतक्या घरांची पूर्णतः आणि इतक्या घरांची अंशतः पडझड झाली. 'अंशतः' हा शब्द भाषांतराला सोपा, पण अर्थाला फसवा आहे. भिंती उभ्या आहेत आणि छप्पर गेले आहे, असा त्याचा अर्थ अनेकदा असतो. आणि छप्पर नसलेल्या घरात पावसाळ्याचे चार महिने राहता येत नाही. त्यामुळे छपराचे आयुष्य हा विषय केवळ गवंडी आणि सुतार यांच्यापुरता राहत नाही. तो आपत्ती व्यवस्थापनाचा आणि सरकारी मदतीच्या निकषांचाही विषय ठरतो.

आपल्या देशात छपराचा आकार मुळात हवामानाने ठरवला. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात वर्षाला ३ हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणून तेथे तीव्र उताराची कौलारू घरे आली. मराठवाड्यात आणि सोलापूरच्या पट्ट्यात पाऊस कोकणाच्या पाव हिश्श्याच्या आसपास आणि उन्हाळा कडक, म्हणून सपाट मातीचे माळवद रुळले. लेहमध्ये वर्षभरात सुमारे १०० मिलिमीटर पाऊस होतो. तेथेही सपाट मातीचेच छत आहे, परंतु ते थंडी अडवण्यासाठी. आसाममध्ये १२ जून १८९७ च्या महाभूकंपानंतर जड बांधकाम मागे पडून लाकडी सांगाडा आणि पत्र्याचे हलके छप्पर यांची घरे प्रचलित झाली. प्रत्येक छपरामागे त्या भूमीचा अनुभव आहे. अडचण निर्माण होते ती हवामान बदलल्यावर, किंवा एका संकटावरचा उपाय दुसऱ्या संकटाला आमंत्रण देतो तेव्हा.

माळवदाचे उदाहरण याबाबतीत विसरता येण्याजोगे नाही. लाकडी तुळया, त्यांवर किलचण आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी ही रचना. उन्हाळ्यात ४० अंशांच्या वर तापणाऱ्या प्रदेशात हा थर घर थंड ठेवतो, आणि बेताच्या पावसात तो गळतही नाही. परंतु दरवर्षीच्या पावसाने मातीचा वरचा पापुद्रा धुपतो, भेगा पडतात आणि गळती सुरू होते. त्यावर परंपरागत इलाज एकच, आणखी माती टाकणे. पिढ्यानुपिढ्या हे घडत गेले आणि अनेक घरांवरचा थर दीड-दोन फुटांपर्यंत, काही ठिकाणी त्याहूनही जाड झाला. खाली आधार होता तो मातीत रचलेल्या दगडी भिंतींचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा लातूर आणि उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच या भिंतींच्या आणि मातीच्या ढिगाऱ्याखाली गाडली गेली. भूकंपाची तीव्रता जगातील मोठ्या भूकंपांच्या तुलनेत मध्यम होती; जीवितहानी प्रचंड झाली ती घरांमुळे. पावसापासून बचावासाठी टाकलेली मातीच अखेर जीवघेणी ठरली.

हा इतिहास झाला, असे म्हणून पुढे जाता येत नाही. कारण हीच चूक आज शहरांतील काँक्रीटच्या गच्च्यांवर होत आहे. महाराष्ट्रात गच्चीच्या गळतीवर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे विटांच्या तुकड्यांचा कोबा. साडेचार इंच जाडीच्या कोब्याचे वजन एका चौरस मीटरला २०० किलोच्या घरात जाते. वावर असलेल्या गच्चीवर माणसे व सामान यांचा जो भार भारतीय मानकांनुसार गृहीत धरला जातो, तो चौरस मीटरला सुमारे १५० किलो आहे. इमारतीचा आराखडा करताना कोब्याचा एक थर अभियंत्याने हिशेबात घेतलेला असतो. दहा-पंधरा वर्षांनी गळती सुरू झाली की जुना कोबा न काढता त्यावर दुसरा चढवला जातो, आणि हा दुसरा थर कोणाच्याच हिशेबात नसतो. जुना थर तोडून काढण्याचा खर्च, धूळ आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी टाळण्यासाठी घेतलेला हा निर्णय घातक आहे. गच्चीच्या बाबतीत 'बदलणे' याचा पहिला अर्थ जुने उतरवणे हाच असला पाहिजे.

समुद्रकिनाऱ्यावरील शहरांत प्रश्न आणखी बिकट होतो. खारी हवा आणि दमट वातावरण काँक्रीटमधून हळूहळू सळ्यांपर्यंत पोहोचते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्यामुळे काँक्रीट आतून फुटते. छताच्या खालच्या बाजूला सळ्यांच्या रेषेत तांबूस डाग दिसणे, गिलावा फुगणे, ठोकल्यावर पोकळ आवाज येणे ही त्याची लक्षणे. सौम्य वातावरणात सळीवर २० मिलिमीटर काँक्रीटचे आवरण पुरेसे मानणारे भारतीय मानक सागरी वातावरणासाठी ४५ मिलिमीटर आवरणाची अपेक्षा ठेवते. जुन्या इमारतींत इतके आवरण क्वचितच आढळते. अशा छताला आतून पुन्हा गिलावा करून रंग देणे म्हणजे रोग झाकणे होय. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. पण खारी हवा तिसाव्या वर्षाची वाट पाहत नाही. किनाऱ्यालगतच्या इमारतींनी ही तपासणी त्याआधीच करून घेणे शहाणपणाचे आहे.

आता वाऱ्याकडे वळू. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरहून अधिक होता. श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग आणि रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली, मंडणगड या तालुक्यांत कौले उडाली, सिमेंटचे पत्रे फुटले. पुढच्याच वर्षी, मे २०२१ च्या मध्यावर, तौक्ते चक्रीवादळ कोकण किनाऱ्याला समांतर जात १७ मेच्या रात्री गुजरातवर आदळले आणि कोकणातील घरांना सलग दुसऱ्या वर्षी तडाखा बसला. चक्रीवादळे पूर्व किनाऱ्याची, हा समज पश्चिम किनाऱ्यावर दीर्घकाळ होता. अलीकडच्या दशकांत अरबी समुद्रातील चक्रीवादळांचे प्रमाण वाढल्याचे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे.

वारा छप्पर दाबत नाही, तो ते उचलतो. छपरावरून वेगाने जाणाऱ्या हवेमुळे वरचा दाब कमी होतो आणि छप्पर वर ओढले जाते. हा ओढा वळचणीला, आढ्याला आणि कोपऱ्यांना सर्वाधिक असतो. एखादी खिडकी फुटली की आत शिरलेला वारा खालूनही ढकलू लागतो. शिवाय वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: ताशी ६० किलोमीटरचा वारा १२० वर गेला की जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. कोकणातील मंगलोरी कौल जेमतेम अडीच किलोचे. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळुरूत या कौलांचा कारखाना काढला आणि खाचांनी एकमेकांत अडकणारी ही कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पोहोचली. मुसळधार पावसाला ती चोख उत्तर देतात, परंतु त्यांना जागेवर ठेवणारे असते ते बहुतांशी त्यांचे वजनच. म्हणून वळचणीच्या दोन-तीन ओळी आणि आढ्यालगतची कौले तारेने रिपांना बांधणे, वासे भिंतीवरील पाटाला लोखंडी पट्टीने जखडणे, ही कामे नवे छप्पर घालण्यापेक्षा कितीतरी स्वस्तात होतात. वासे वाळवीने पोखरले असतील, रिपा खिळा धरत नसतील, तर मात्र कौले कितीही चांगली असोत, सांगाडा बदलण्यास पर्याय नाही. उलट सांगाडा भक्कम असेल, तर खणखणीत वाजणारे जुने कौल पुन्हा चढवण्यास हरकत नाही. जे कौल ठोकल्यावर बद्द वाजते, ज्याच्या खालच्या अंगाला ओल दिसते, तेवढेच बाजूला काढावे.

वादळानंतर कौलांच्या जागी पत्रा घालण्याकडे कल वाढतो, आणि तो समजण्यासारखा आहे. पत्रा लवकर बसतो, दरवर्षीची शाकारणी टळते. परंतु त्यातही निवड आहे. जस्ताच्या पत्र्याचे आयुष्य त्यावरील जस्ताच्या थरावर अवलंबून असते. चौरस मीटरला १२० ग्रॅम जस्त असलेला पत्रा आणि २७५ ग्रॅमचा पत्रा दुकानात सारखेच चकाकतात. खाऱ्या हवेत काही वर्षांतच त्यांतला फरक दिसतो. पत्रे एकमेकांवर येतात तेथे आणि खिळ्यांच्या भोवती लाल गंज दिसू लागला, तर पावसाळ्यापूर्वी पत्रा बदलावा. वादळात सुटलेला पत्रा हा रस्त्यावरच्या माणसासाठी शस्त्रच असतो. सिमेंटच्या पत्र्यांविषयी अधिक सावध राहावे लागेल. जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते आणि त्याचे सर्व प्रकार कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेचे स्पष्ट मत आहे. असे पत्रे न तोडता, ओले करून, अखंड उतरवावेत. गोठ्यासाठी त्यांचे तुकडे वापरण्याची पद्धत थांबली पाहिजे.

पत्र्याचा खरा दोष उन्हाळ्यात कळतो. अहमदाबादमध्ये मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत मृत्यूंची संख्या नेहमीपेक्षा १,३४४ ने अधिक नोंदवली गेली. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांतील छपरांना पांढरा रंग देण्याचा उपक्रम हाती घेतला. तेलंगणाने २०२३ मध्ये शीत छपरांसाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. पांढऱ्या, ऊन परावर्तित करणाऱ्या छपराखाली घरातील तापमान साधारण २ ते ५ अंशांनी कमी राहते. विदर्भातील पत्र्याच्या घरांना यासाठी नवे छप्पर लागत नाही. चुन्याचे दोन हात उन्हाळ्यापुरते पुरतात. मात्र त्यावर धूळ साचली की परिणाम घटतो, हे लक्षात ठेवावे.

लडाखची परिस्थिती याहून निराळी आहे. ऑगस्ट २०१० मध्ये लेह परिसरात ढगफुटी झाली आणि मोठी प्राणहानी झाली. पावसाची सवयच नसलेली मातीची छते अशा पावसात भिजून जड होतात. त्यामुळे अनेक ठिकाणी पत्र्याकडे ओढा वाढला असला, तरी पत्र्याखाली तेथील हिवाळा काढणे कठीण. मातीखाली जलरोधक कापडाचा थर घालून थरांची जाडी मर्यादित ठेवणे, हा मधला मार्ग अधिक सयुक्तिक वाटतो.

प्रश्न उरतो पैशाचा. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी केंद्राने ठरवलेल्या निकषांनुसार, सपाट प्रदेशात पूर्ण पडलेल्या घराला आपत्ती प्रतिसाद निधीतून १ लाख २० हजार रुपये मिळण्याची तरतूद होती. अंशतः पडझडीसाठी पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये, आणि तेही नुकसान किमान १५ टक्के असल्यास. चौरस मीटरला १५ कौले धरली, तर ५०० चौरस फुटांच्या लहान घरालाही सातशेच्या आसपास कौले लागतात. वासे, रिपा आणि मजुरी वेगळी. साडेसहा हजारांत यातले काय येईल, हे कोणत्याही वखारीत विचारावे. निसर्गनंतर महाराष्ट्र सरकारने आपल्या तिजोरीतून भर घालून मदत वाढवली होती, म्हणजे निकष अपुरे असल्याचे प्रशासनालाही मान्य होते. छप्पर गेलेले घर 'अंशतः' या रकान्यात न टाकता त्यासाठी वेगळा रकाना करणे, हा बदल कागदावर लहान आहे. वासे जखडण्यासाठी वादळापूर्वी दिलेले थोडके अनुदान वादळानंतरच्या मदतीपेक्षा सरकारलाही स्वस्त पडेल.

कामाच्या वेळेचाही फेरविचार करावा लागणार आहे. कोकणात छपराची कामे मृग लागण्यापूर्वी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, उरकण्याचा प्रघात आहे. निसर्ग ३ जूनला आले, तौक्ते मेच्या मध्यावर. घर उघडे असताना वादळ येऊ नये यासाठी कौले उतरवण्याचे काम मार्चमध्ये सुरू करून एप्रिलअखेर आढ्याचे कोने बसवून संपवावे लागेल, आणि सुतारांची जुळवाजुळव त्याआधीच, शिमग्याला मुंबईकर गावी येतात तेव्हाच, करून ठेवावी लागेल.