कोवळ्या मनांचे राखणदार

लखनऊ छावणीतल्या आम्हा मराठी कुटुंबांत मुलांच्या पुस्तकांचं एक सामायिक कपाट आहे. त्यातून 'द हंगर गेम्स'सारखी पुस्तकं तातडीने हलवावीत, असं एका गृहस्थांचं ठाम मत आहे, आणि भेटेल त्याला ते ऐकवण्याचा त्यांचा उत्साहही दांडगा आहे. मुलांनी मुलांना मारायचं, ही काय गोष्ट झाली? लिहिलीय पंधरा-सोळाच्या पोरांसाठी, वाचतात अकरा-बाराची. कोवळी मनं बिघडतात, झोप उडते, उद्या हीच पोरं हातात दगड घेतील. संस्कारक्षम वयात संस्कारच द्यावेत. संपला युक्तिवाद. मी काही गाळलेलं नाही. गाळण्याइतकं त्यात नव्हतंच.

झोप उडते, खरं आहे. अश्वत्थाम्याने झोपलेल्या द्रौपदीपुत्रांना मारल्याची गोष्ट आजी सांगायची, तेव्हाही उडायची. राहिला दगड. पुस्तक वाचणारं पोर निदान तेवढा वेळ मोबाइलवर गोळ्या झाडत नसतं.

पण वयाचा मुद्दा मी सहजी सोडणार नाही. हे कोवळेपण नेमकं कधी संपतं? आपल्या संसदेने 1956 साली याचं उत्तर देऊन ठेवलंय. हिंसा, क्रौर्य, किळसवाण्या घटना रंगवून कोवळ्या वाचकांना बिघडवणारी प्रकाशनं विकणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, असा कायदा त्या वर्षी झाला. त्यात कोवळा वाचक म्हणजे वीस वर्षांखालचा! आता आमच्या छावणीत या. इथे 11 गोरखा रायफल्सचं रेजिमेंटल सेंटर आहे. अग्निवीर म्हणून भरती व्हायला साडेसतरा वर्षं पुरतात. म्हणजे खरी रायफल साडेसतराव्या वर्षी हातात द्यायची आणि रायफलीची गोष्ट मात्र विशीपर्यंत जपून! पहाटे ग्राउंडवर घाम गाळणाऱ्या त्या मुलांच्या कोवळ्या मनांची चिंता आमच्या गृहस्थांनी केल्याचं ऐकिवात नाही. ते तिथे कौतुकाने उभे राहतात. मीही राहते, पण मी कपाटं रिकामी करायला निघालेली नाही.

बरं, हेच गृहस्थ मुलांना डबे बांधून रेसिडेन्सी दाखवायला नेतात. 1857च्या वेढ्यातल्या तोफगोळ्यांनी फोडलेल्या त्या भिंती तशाच राखल्यात. पोरं विटांतल्या भोकांत बोटं घालून खोली मोजतात, कब्रस्तानात जाऊन कोण किती वर्षांचा होता ते वाचतात. पंधरा वर्षांखालच्यांना तिकीटही नाही. वाटेत सिकंदरबाग लागते. नोव्हेंबर 1857मध्ये तिथे एका दिवसात सुमारे दोन हजार शिपाई कापले गेले, हे सगळं आमचे हे गृहस्थच मार्गदर्शक होऊन रंगवून सांगतात. आणि संभाजीमहाराजांचे हाल सांगताना तर त्यांचा आवाज असा चढतो, की पुढच्या रांगेतली सहा वर्षांची पोरं आईच्या पदराकडे सरकतात. तो इतिहास, तो संस्कार. कादंबरीतलं रक्त तेवढं विषारी.

हे रण जुनंच आहे म्हणा. आधीच्या पिढीत रहस्यकथांवरून माजलं होतं. त्या वाचून पिढी गुन्हेगार होणार, अशी भाकितं होती. उशीखाली रहस्यकथा लपवणारे आमचे एक मामा पुढे जन्मभर बँकेत पासबुकं भरत बसले.

मग मुलांना द्यायचं काय? माझी कसोटी साधी आहे: गोष्टीत मेलेल्याचं कुणाला दुःख होतं का? 'द हंगर गेम्स'मध्ये बारा ते अठरा वयाची चोवीस मुलं चिठ्ठ्या टाकून रिंगणात उतरवतात आणि बाहेरचे लोक तो तमाशा बघतात. बारा वर्षांची रू मरते तेव्हा नायिका पळत नाही; थांबते, तिच्या अंगावर फुलं पसरते. हे लिहिणाऱ्या सुझॅन कॉलिन्सही फौजीचीच मुलगी. त्या सहा वर्षांच्या असताना हवाई दलातले त्यांचे वडील व्हिएतनामला गेले होते. इथेही बाबा फील्डवर आणि आई-मुलं सेपरेटेड फॅमिली क्वार्टरमध्ये, अशी कितीतरी घरं आहेत. रात्रीचा फोन चुकला की मुलं आईचा चेहरा वाचतात आणि काही विचारत नाहीत. मरणाविषयी त्यांच्याशी कोण बोलतं? एखाद्या पुस्तकाच्या निमित्ताने निदान विषय तरी निघतो. घरातल्या मोठ्या माणसाने ते पुस्तक आधी वाचलेलं असावं, एवढीच माझी अट.

'बॅटल रॉयल' मात्र मी अकरा वर्षांच्या मुलीला देणार नाही. त्यातही मुलंच मुलांना मारतात, पण प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी किती उरले याचा आकडा येतो आणि त्या वयात वाचणारीचं लक्ष त्या आकड्यावरच खिळायचं. म्हणजे तुम्हीही बंदीच घालता की, असं गृहस्थ म्हणतीलच. खुशाल म्हणोत. ते एक पुस्तक मी वरच्या खणात ठेवलंय, बाकीची खालीच राहतील. कपाटाची किल्ली तूर्त माझ्याकडे आहे.