पौंडाची पत आणि रयतेची गांठ

चलनाचा विषय निघाला कीं आपण म्हणतों, "तें पेढीवाल्यांचें काम, आपल्याला काय त्याचें?" हा समज आपल्याला फार महाग पडला आहे. इंग्रजांच्या पौंडाचीच हकीकत पाहा.

गांवच्या भरंवशाच्या सावकाराची चिठी दहा बाजारांत रुपयासारखी चालते, कारण ती दाखविली कीं रोख मिळते. पौंडाचें तसेंच झालें. १८२१ पासून बँक ऑफ इंग्लंड नोटेला ठरल्या भावानें सोनें देऊं लागली. इंग्रजांचीं जहाजें व विमाकंपन्या जगभर पसरल्या. ब्राझिलची कॉफी हँबर्गला जावयाची असली तरी तिची हुंडी बहुधा लंडनवरच लिहिली जाई. परके व्यापारी आपली शिल्लकही तेथेंच ठेवूं लागले. एकदां पायवाट मळली कीं सगळे तिनेंच जातात.

पण ही पत नुसत्या इंग्रजी हुशारीवर उभी होती, असें मानणें भाबडेपणाचें आहे. हिंदुस्थानचा माल परदेशीं विकून जें येणें होई, त्यांतून लंडनच्या कचेरीचा खर्च, पेन्शनी व कर्जाचें व्याज भागे. १८९३ सालीं सरकारनें टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या. तोंवर चांदी नेऊन रुपये पाडून घेतां येत. पुढें चांदी उतरली आणि रुपया मात्र महाग राखला गेला. घरांतल्या वाळ्या-वाक्यांचें मोल घटलें, सारा मात्र त्याच महाग रुपयांत.

मग १९२७ सालचा कायदा. युद्धापूर्वींचा १ शिलिंग ४ पेन्सांचा दर सोडून रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्स कायम केला. गणित सातवींतल्या मुलालाही यावें असें आहे. पौंडाचे पेन्स २४०. त्यांस १६ नें भागा, १५ रुपये येतात. १८ नें भागा, १३ रुपये ५ आणे ४ पै. म्हणजे विलायतेंत कापसाचा भाव तोच राहिला, तरी वऱ्हाडांत दर पौंडामागें १ रुपया १० आणे ८ पै कमी. सारा आणि सावकाराचें देणें एक पैही कमी नाहीं! परदेशी कापड स्वस्त झालें हें खरें, पण विणकराला तोच फटका. गिरणीमालकांनीं या दराविरुद्ध ओरड केली ती स्वतःच्या नफ्यासाठीं. तेवढ्यानें आपलें नुकसान खोटें ठरत नाहीं. डॉ. आंबेडकरांनीं १९२३ सालींच रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहून, रुपया सरकारी मर्जीवर सोडूं नये असें बजावलें होतें.

पत गेली कशी? पहिल्या महायुद्धांत इंग्लंड अमेरिकेचें कर्जदार झालें. १९२५ सालीं चर्चिलसाहेबांनीं अब्रूखातर पौंड जुन्याच भावानें सोन्याला बांधला. माल महाग पडला, खाणमजुरांच्या पगाराला कात्री लागली, आणि १९२६ चा मोठा संप झाला. म्हणजे चलनाची ऐट राखण्याचें ओझें तिकडेही कष्टकऱ्याच्याच पाठीवर. सप्टेंबर १९३१ मध्यें सोन्याची गांठ सुटली. त्या मंदींत आपला शेतकरी घरचें सोनें मोडीत होता. तें बोटी भरून विलायतेस गेलें व बुडत्या पौंडाला टेकू मिळाला.

दुसऱ्या महायुद्धांत इंग्रजांनीं येथून माल नेला आणि लंडनच्या वहींत आपल्या नांवें शंभर कोटी पौंडांहून अधिक जमा मांडली. त्या जमेवर येथें नोटा छापल्या गेल्या आणि महागाईनें गरिबाचें ताट रितें केलें. १९४४ सालीं ब्रेटन वूड्स येथें ४४ राष्ट्रांनीं डॉलरला मधल्या खांबाची जागा दिली. जुलै १९४७ मध्यें पौंड डॉलरांत बदलण्यास खुला होतांच इतकी झुंबड उडाली कीं पांच आठवड्यांत दार लावावें लागलें. १९४९ सालीं पौंड ४.०३ डॉलरांवरून २.८० वर आला. डॉलरांत मोजली तर आपली शिल्लक एका रात्रींत शेकडा तीस घटली. सावकारानें आपली ठेव ठेवून घ्यावी व मग मापच लहान करावें, त्यांतला हा प्रकार. १९६७ सालीं पौंड पुन्हां उतरला, आणि १९७५ सालीं रुपयानें त्याची सोबत सोडली.

उद्यां डॉलरही असाच पडणार, असें कांहीं शहाणे सांगत फिरतात. १९७१ सालीं अमेरिकेनें डॉलरला सोनें देणें बंद केलें, तेव्हांही हेंच म्हणत होते. तरी आज जगांतील सरकारांच्या परकी गंगाजळींत निम्म्याहून अधिक डॉलर आहे, पौंड जेमतेम विसावा हिस्सा. पौंडाला उतरण्यास दोन महायुद्धें व अर्धें शतक लागलें. तोंवर आपला कापूस, खत आणि तेल डॉलरच्याच मापानें मोजलें जाणार. म्हणून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर बाजारभावाशेजारीं डॉलरचा दरही रोज लिहिला जावा, असें माझें मागणें आहे. लिहिण्याचें काम शाळेचीं मुलें आनंदानें करतील.